बलुच राष्ट्रात हजाम कुठं बसतो?



या अंकाला कविता देणार होतो. नाही दिली. कारण गोष्ट आता आपल्या घरात शिरलीय, आणि तिचा हिशेब कवितेत मांडता येईना.

११ मार्च २०२५ ला बोलन खिंडीत जाफर एक्स्प्रेस अडवली गेली. क्वेट्ट्याहून पेशावरला निघालेली गाडी. आत सुमारे चारशे माणसं. रजेवर घरी चाललेले शिपाई होते, बायका होत्या, पोरं होती. बलुच लिबरेशन आर्मीनं, म्हणजे बीएलएनं, रूळ उडवला आणि गाडी ताब्यात घेतली. दुसऱ्या दिवशी माझी रात्रपाळी सुटली, तर गिरणीच्या फाटकासमोर चहाच्या गाडीवर दिवाळी. ‘फुटला पाकिस्तान! झाले दोन तुकडे!’ बोलणारे कोण? हप्त्याची वाट बघणारे बदली कामगार. घरी गॅसची टाकी संपलेली, आणि हे नकाशे वाटतायत.

त्यात आपला एक पोरगा होता. अभ्यासवर्गाला येतो, चौदा एप्रिलला सगळ्यात आधी झेंडा लावतो. त्यानं मोबाईलवर एका बंदूकवाल्याचा फोटो चढवला होता. खाली लिहिलेलं : ‘जय भीम, जय बलुच’. मला म्हणाला, ‘दादा, ते बी दबलेले, आपण बी दबलेले. मग आपण त्यांच्याच बाजूचे ना?’

मी विचारलं, ‘त्यांच्या म्हणजे कुणाच्या?’

तो म्हणाला, ‘बलुचांच्या.’

मी म्हणालो, ‘बलुच म्हणजे कोण?’

त्याला सांगता आलं नाही. खरं बोलायचं तर त्या दिवशी मलाही आलं नाही. मी दहावी नापास. रिंग खात्यात तुटलेले धागे सांधतो. जे काय वाचलं ते वाचनालयाच्या बाकावर आणि रात्रपाळीनंतर डोळे चोळत. पण प्रश्न निघाला की तो पुरा केल्याशिवाय सोडायचा नाही, एवढं बाबासाहेबांकडून शिकलोय. म्हणून वाचलं. जे हाती लागलं ते मांडतोय. पोराला खोटं पाडायला नाही. त्याचं अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्यासाठीच भांडायचंय.

आधी त्याचं खरं असलेलं अर्धं.

पाकिस्तानच्या जमिनीपैकी जवळजवळ ४४ टक्के जमीन एकट्या बलुचिस्तानची. माणसं मात्र, २०२३ च्या शिरगणतीप्रमाणं, दीड कोटीच्या आत. म्हणजे देशाच्या शंभरातली सहा. जमीन मोठी, माणूस थोडा, आणि जमिनीच्या पोटात माल. अशा माणसाचं काय होतं हे गडचिरोलीच्या आदिवासीला विचारा.

डेरा बुगटी भागात सुई इथं १९५२ साली नैसर्गिक वायू सापडला. १९५५ ला तो नळानं कराचीला गेला. कारखाने पेटले, पंजाबातल्या चुली पेटल्या. प्रांताची राजधानी क्वेट्टा, तिथं गॅस पोचायला तीसेक वर्षं गेली. सुईच्या आसपासच्या बाया मात्र डोक्यावर लाकडाचा भारा घेऊन नळाच्या कडेकडेनं चालत राहिल्या. आपल्या विहिरीचं पाणी, आपल्यालाच शिवायची बंदी. प्रकार ओळखीचा वाटतो का?

राजकारणाचंही तसंच. कलातच्या खानानं १५ ऑगस्ट १९४७ ला आपलं राज्य स्वतंत्र असल्याचं जाहीर केलं. कलातच्या दोन्ही सभागृहांनी पाकिस्तानात जायला नकार दिला. तरी २७ मार्च १९४८ ला खानानं सामीलनाम्यावर सही केली. खानाचा भाऊ अब्दुल करीम बंड करून उठला. मग १९५८ ला नौरोज खान. डोंगरातून खाली ये, अभय देतो, असं कुराणाच्या शपथेवर सांगून त्याला उतरवलं असं बलुच आजही सांगतात. १९६० साली त्याच्या मुलाला आणि साथीदारांना फाशी दिलं. म्हातारा नौरोज तुरुंगातच मेला. १९७३ ला भुट्टोंनी प्रांताचं निवडून आलेलं सरकार बरखास्त केलं, आणि चार वर्षं डोंगर भाजून काढले. इराणच्या शहानं त्यासाठी हेलिकॉप्टरं धाडली. २६ ऑगस्ट २००६ ला नवाब अकबर बुगटी फौजेच्या कारवाईत मेला, आणि आजची लढाई भडकली.

ही झाली मोठ्या नावांची गोष्ट. आता बिननावाची.

२००९ पासून बलुचिस्तानात पोरं गायब होतात आणि त्यांची प्रेतं रस्त्याकडेला, नाल्यात सापडतात. विद्यार्थी, मास्तर, वकील, दुकानदार. अंगावर छळाच्या खुणा. काहींची प्रेतंही सापडत नाहीत. आकड्यावरून सरकार आणि संघटना भांडतात. आईला आकडा लागत नाही, तिचा एकच असतो.

मामा कदीर नावाचा माणूस. बँकेत नोकरी करून निवृत्त झालेला. २००९ साली त्याचा पोरगा उचलला, २०११ ला प्रेत मिळालं. सत्तरी ओलांडलेला हा म्हातारा २०१३ च्या ऑक्टोबरात क्वेट्ट्याहून चालत निघाला. बरोबर गायब झालेल्यांच्या आया, बहिणी आणि एक लहान नातू. कराचीवरून इस्लामाबाद, सुमारे दोन हजार किलोमीटर. पोचले तेव्हा २०१४ उजाडलं होतं. आपल्यात नामांतराच्या लाँग मार्चच्या गोष्टी ऐकून वाढलेली पोरं आहेत. त्यांनी हा लाँग मार्च ऐकलाय का? टीव्हीवाल्यांनी तो दाखवला का? नाही. कारण त्यात बंदूक नव्हती. बंदूक नसलेला बलुच इथं कुणाच्या कामाचा नाही.

महरंग बलुच. डॉक्टर. बाप मजूर आणि कार्यकर्ता. २००९ च्या डिसेंबरात उचलला, २०११ ला प्रेत दिलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये तुर्बतचा एक तरुण पोलिसांच्या ताब्यात मारला गेला, तेव्हा हीच पोरगी हजारो बायकांना घेऊन इस्लामाबादेत गेली. थंडीत त्यांच्यावर पाण्याचे फवारे मारले, लाठ्या चालवल्या. जाफर एक्स्प्रेसनंतर दहाबारा दिवसांत, २२ मार्च २०२५ ला, तिला अटक झाली. गाडी उडवली बंदूकवाल्यांनी, आत गेली फोटो घेऊन बसणारी बाई. सरकारांना अशा बायांचीच भीती फार. बंदुकीला बंदुकीनं उत्तर देता येतं. ‘माझा बाप कुठाय?’ ह्याला काय उत्तर देणार?

हे मला पुस्तकातून कळलं नाही. जानेवारी २०१८. भीमा कोरेगावनंतरचा बंद होऊन गेलेला. रात्री वस्तीत गाड्या शिरल्या. दारं वाजली. माझा थोरला भाऊ बनियनवर होता, तसाच जीपमध्ये घातला. मी तेव्हा अठराचा. आई डबा घेऊन चौकीवर गेली. ‘असा कुणी इथं नाही.’ दुसऱ्या दिवशी गेली. ‘सांगितलं ना बाई, नाही.’ आई म्हणाली, ‘जीपगाडीत घालताना म्या माझ्या डोळ्यानं बघितलंय सायेब.’ तर साहेब म्हणतो, ‘मग डोळं तपासून घे.’ तिसऱ्या रात्री भाऊ घरी आला. कुठल्याच कागदावर नोंद नाही. डाव्या कानानं त्याला अजून कमी ऐकू येतं. तीन रात्री फक्त. त्या तीन रात्रींत आई झोपली नाही, जेवली नाही, दाराची कडी लावू दिली नाही.

मी तिला त्या बलुच बायांचा फोटो दाखवला. प्रत्येकीच्या मांडीवर एक फोटो. ती बराच वेळ बघत राहिली. मग विचारलं, ‘किती दिस झालं ह्यांना?’ मी म्हणालो, ‘कुणाला दहा वर्षं, कुणाला पंधरा.’ तिनं मोबाईल परत दिला आणि भाकरी थापायला बसली.

तर मित्रा, तुझं ‘जय बलुच’ ह्या बायांसाठी असेल, तर माझाही आवाज त्यात आहे. पण तुझ्या फोटोत बाई नव्हती. बंदूकवाला होता. आता तिथं येऊ.

९ मे २०२४. ग्वादरजवळ सुरबंदर. समुद्राकाठचं गाव. पंजाबातून पोटासाठी आलेले न्हावी एका खोलीत झोपले होते. रात्री बंदूकवाले आले आणि झोपेतच सात जणांना मारून गेले. सात हजाम. गुन्हा काय? ओळखपत्रावर पंजाब.

पंजाबचा न्हावी म्हणजे कोण हे ठाऊक आहे? तिकडच्या गावगाड्यात त्याला ‘कम्मी’ म्हणतात. आपल्याकडं बलुतेदार, तिकडं कम्मी. कुंभार, लोहार, न्हावी, मोची, झाडूवाला, सगळे कम्मी. जमीनदाराच्या बाजेवर बसायचा हक्क नाही. ज्या पंजाबनं बलुचिस्तान लुटलं त्या पंजाबात ह्या न्हाव्याची वीतभर जमीन नव्हती, म्हणून तर तो वस्तरा घेऊन हजार मैलांवर गेला. इस्लामाबादच्या दरबाराचा सूड काढायचा तर हाताशी सापडला कोण? हजाम!

एकच उदाहरण धरून बसत नाही. ११ एप्रिल २०१५, तुर्बतजवळ बांधकामावरचे वीस मजूर रात्री तळावर झोपलेले. ओळख बघून मारले. बलुच लिबरेशन फ्रंटनं ‘आम्ही मारले’ म्हणून छाती काढली. २६ ऑगस्ट २०२४, बुगटीचा स्मृतिदिन, मुसाखेलच्या हमरस्त्यावर बस-ट्रक थांबवून कार्डं तपासली आणि तेवीस जणांना खाली उतरवून गोळ्या घातल्या. बीएलए म्हणाली, साध्या वेशातली फौज होती. ट्रकवाले आणि मजूर फौज कधीपासून झाले? कार्डावरचा पत्ता बघून जीव घ्यायचा, आणि आडनाव बघून वाटीत पाणी वरून ओतायचं, ह्यात जात वेगळी, पद्धत एकच. माणूस बघायचाच नाही, चिठ्ठी बघायची.

इथं आपला पोरगा म्हणतो, ‘दादा, आधी त्यांचं राष्ट्र सुटू दे. मग आतलं आत बघतील.’

हे वाक्य ऐकल्यासारखं वाटत नाही? ‘आधी स्वराज्य, मग अस्पृश्यता.’ काँग्रेसवाले बाबासाहेबांना दुसरं काय सांगत होते? ‘आधी घरमालक बदलू, मग तुमच्या खोलीचं बघू.’ बाबासाहेबांनी ऐकलं नाही. त्यांनी उलट विचारलं, तुमच्या राष्ट्रात माझी जागा कुठली ते आधी सांगा. म्हणून आज आपल्या हातात संविधान आहे, नाहीतर नुसता झेंडा असता. हाच सवाल बलुच राष्ट्रवादाला का विचारायचा नाही? तो परका आहे म्हणून? दु:खी आहे म्हणून? दु:खी माणसाला खरं सांगायचं नसतं असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय?

म्हणून विचारतो. बलुच समाजात तळाला कोण?

वर सरदार. सरदारी जुनी असेल, पण तिला पोलाद लावलं इंग्रजांनी. १८७० च्या दशकात सँडमन नावाच्या साहेबानं अक्कल चालवली, सगळ्या टोळीशी कशाला लढता, सरदाराला तनखा द्या आणि टोळी त्याच्याकडून राखून घ्या. आपल्याकडं पाटील-देशमुखांकडून गाव राखून घेतला तसा. इंग्रज गेला, तनख्याचा मालक बदलला. हा सरदार कधी सरकारात मंत्री असतो, कधी डोंगरात बंडखोर. अकबर बुगटी २००६ ला शहीद, बरोबर. पण १९७३ ला भुट्टोची फौज डोंगरात शिरली तेव्हा प्रांताचा गव्हर्नर कोण होता? हाच अकबर बुगटी. १९७६ ला भुट्टोंनी कायदा करून सरदारी रद्द केली. कागदावर. अस्पृश्यताही आपल्याकडं १९५० पासून कागदावर नाहीच की!

सरदाराखाली टोळीचा साधा माणूस. त्याच्याही खाली ज्यांची नावं घेताना बलुचाचं तोंड वाकडं होतं ते. लोरी, म्हणजे लोखंड ठोकणारे, वाजवणारे, गाणारे. लग्नात ढोल त्यांचा, पंगत त्यांची नाही. मकरान किनाऱ्यावर मेद, म्हणजे कोळी. आणि गुलाम, दरजादा. ह्यांच्यातल्या कितीकांचे पूर्वज आफ्रिकेहून जहाजात घालून आणलेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तिथं माणसं विकली जात होती. आज कायद्यानं सगळे बलुच. पण मुलगी द्यायची वेळ आली की मूळ आठवतं. २०२५ च्या जुलैत एक चित्रफीत बाहेर आली. क्वेट्ट्याजवळच्या माळावर टोळीच्या हुकमानं एक बाई आणि एक पुरुष गोळ्या घालून मारलेले. इभ्रतीसाठी! ते हुकूम देणारे बलुचच होते, पंजाबी नव्हते. प्रेमापायी रुळावर टाकलेल्या आपल्या पोरांची आठवण झाली.

आणि आता मराठी वर्तमानपत्रांचा लाडका विषय. दर दोनचार वर्षांनी बातमी येते, बलुचिस्तानात मराठे! पानिपताच्या लढाईत, १७६१ ला, पकडलेली माणसं अब्दालीनं कलातच्या नासीर खानाला दिली, त्यांचे वंशज डेरा बुगटीत राहतात, अजून शब्द मराठी, रिवाज मराठी. वाचणाऱ्याची छाती फुगते. पण बातमीत एक ओळ नसते. त्या मराठ्यांची बुगटी टोळीत जागा कुठली? तळाची. वाटून घेतलेल्या गुलामांची. सरदाराची शेती कसायची, ओझी वाहायची. आणि पानिपतावरून धरून नेलेले सगळे काय सरदार-दरकदार होते? त्या फौजेमागं बुणगे होते. पखालवाले, मोतद्दार, मोळ्या वाहणारे, बायाबापड्या. त्यात आपली माणसं नसतील? गुलाम झाल्यावर सगळ्यांचं एकच नाव पडलं, मराठा. ज्यांना इथं गावात घेत नव्हते त्यांच्या वंशजांवर आता इथले लोक अभिमान सांगतायत, आणि तो अभिमानही ते ज्यांचे गुलाम होते त्यांच्या नावावर. काय म्हणायचं ह्याला? ‘आपलं रक्त’ म्हणायचं आणि त्या रक्ताची पायरी विचारायची नाही. हा राष्ट्रवादाचा जुना धंदा आहे. इथलाही, तिथलाही.

बलुचपण रक्तात असतं हेच मुळात खोटं. कलातचे खान ब्राहुई बोलणारे. ब्राहुई ही भाषा तमिळ-कानडीच्या कुळातली, बलोची ही फारसीच्या कुळातली. दोन कुळं, तरी दोघं बलुच. आफ्रिकेतून आलेला मकराणी बलुच. कराचीच्या ल्यारीतला गोदी कामगार बलुच. म्हणजे हे नाव शतकानुशतकं येणाऱ्याला आत घेत गेलं. ते त्याचं मोठेपण. त्यांच्यातल्या जाणत्यांना हे कळत होतं. यूसुफ अझीझ मगसी स्वतः नवाबाच्या घरचा, पण १९२९ पासून सरदारीविरुद्ध लिहू लागला. १९३५ च्या क्वेट्टा भूकंपात तरुणपणीच मेला. गुल खान नसीर कवी होता, मंत्री झाला, भुट्टोच्या तुरुंगात वर्षं काढली. सरदार आणि सावकार दोघांविरुद्ध लिहिलं. ६ डिसेंबर १९८३ ला तो गेला. तारीख लक्षात ठेवा, आपल्याला सोपी आहे. ह्या माणसांचं बलुचिस्तान आणि कार्ड तपासून गोळी घालणाऱ्यांचं बलुचिस्तान एक नाही.

कुणी म्हणेल, हे सगळं सरदारांचं पाप, आताची चळवळ शिकलेल्यांची आहे. खरंय. मकरानकडची लढाई डॉक्टर, मास्तर, विद्यार्थी चालवतात. २०१३ ला मुख्यमंत्री झालेला अब्दुल मलिक हाही सरदार नव्हता. पण तुर्बतचे वीस मजूर ज्या संघटनेनं मारले ती सरदारांची नव्हती, शिकलेल्यांचीच होती. तेव्हा सरदार गेला की प्रश्न मिटतो असं नाही. ब्राह्मण उठून गेला तरी त्याची खुर्ची तिथंच राहते, आणि आपल्यातलाच एखादा तिच्यावर बसून त्याच्याच आवाजात बोलायला लागतो. आपण हे बघितलंय. नावं घेत नाही.

आता ‘सुरक्षा’.

टीव्हीवर खुर्चीत बसलेले लोक ‘प्रादेशिक सुरक्षा’ म्हणतात. कुणाची? बलुच एका देशात राहत नाहीत. पाकिस्तान, इराण, अफगाणिस्तान, तिन्हीकडं आहेत. त्यांच्या अंगणातून साहेबांनी एकोणिसाव्या शतकात रेघा ओढल्या. १६ जानेवारी २०२४ ला इराणनं पाकिस्तानी बलुचिस्तानात क्षेपणास्त्रं टाकली. दोन लेकरं मेली. दोन दिवसांनी पाकिस्ताननं इराणी बलुचिस्तानात टाकली. नऊ जण मेले, त्यात बाया आणि लेकरं. दोघांनी सुरक्षा राखली! महिना संपायच्या आत दोन्ही देशांचे परराष्ट्रमंत्री हात मिळवत होते. मेले ते दोन्हीकडं बलुच भूमीतच. त्याच इराणनं ३० सप्टेंबर २०२२ ला झाहेदानमध्ये शुक्रवारच्या नमाजानंतर बलुचांवर गोळ्या झाडून कितीतरी माणसं पाडली होती.

ग्वादरचं बंदर घ्या. १९५८ ला ओमानकडून विकत घेतलेलं गाव. २०१५ ला चीनबरोबर ४६ अब्ज डॉलरचे करार झाले. बंदराला सुरक्षा आली. म्हणजे काय आलं? नाके. कोळ्याला आपल्या होडीकडं जाताना ओळखपत्र. मोठे ट्रॉलर मात्र बिनओळखीचे, समुद्र खरवडून नेतात. २०२१ च्या शेवटी हेच कोळी हजारोंनी रस्त्यावर बसले, बाया बसल्या. मागण्या काय? ट्रॉलर बंद करा, नाके कमी करा, सरहद्दीवर पोटापुरता व्यापार करू द्या. स्वतंत्र राष्ट्र मागितलं नव्हतं, मासळी मागितली होती. टोळीच्या उतरंडीत तळाला असलेल्या मेदानं सगळ्यात साधी आणि सगळ्यात खरी मागणी केली. ती ना इस्लामाबादला रुचली, ना दिल्लीच्या टीव्हीला.

आणि एक आपल्या काळजातली गोष्ट. ११ मे १९९८. बुद्धपौर्णिमा. वस्तीत खीर वाटत होते, आणि पोखरणला बॉम्ब फुटला. बुद्धाच्या दिवशी! त्याला उत्तर म्हणून २८ मे ला पाकिस्ताननं बॉम्ब फोडले. कुठं? लाहोरच्या बागेत नाही. बलुचिस्तानात, चागईच्या रासकोह डोंगरात. दोन राष्ट्रांनी छाती बडवली आणि डोंगर पांढरा पडला तो बलुच धनगरांचा. पाकिस्तान तो दिवस सणासारखा पाळतो, बलुच राष्ट्रवादी काळा दिवस पाळतात. आपण इथं बुद्धाचं नाव घेणारे. त्या डोंगराच्या राखेत आपल्या सरकारचाही एक हात आहे, हे आपण कधी बोललो?

१५ ऑगस्ट २०१६ ला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी बलुचिस्तानचं नाव घेतलं. टाळ्या पडल्या. मी टाळी वाजवणार नाही. ज्या सरकारला क्वेट्ट्यातला कोठडीतला मृत्यू दिसतो त्याला परभणीतला दिसू दे. २०२४ च्या डिसेंबरात संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, लोक चिडले, धरपकड झाली, आणि त्यात पकडलेला कायदा शिकणारा आपला पोरगा कोठडीत मेला. २०२५ च्या जुलैत ह्याच महाराष्ट्राच्या विधिमंडळानं ‘जनसुरक्षा’ नावाचं विधेयक मंजूर केलं. जन कुठले आणि सुरक्षा कुणाची, हे त्या बलुच बायांना विचारा. आणि उलट बाजूनं इस्लामाबादही लबाड. पोटासाठी कोळी ओरडला तरी ‘परकीय हात’. दिल्लीनं टाळी वाजवली की त्यांना पुरावा मिळतो. आपल्या टाळीचा आवाज त्या बायांच्या अंगावर लाठी होऊन पडतो, हे त्या चहाच्या गाडीवर कुणी सांगणार आहे का?

बाबासाहेबांनी १९४० साली पाकिस्तानच्या प्रश्नावर अख्खा ग्रंथ लिहिला. बलुचिस्तान त्यात आहे. लोक तेव्हा ‘सरहद्द जाईल’ म्हणून रडत होते. त्यांनी डोकं शांत ठेवून हिशेब केला, की नुसत्या डोंगराच्या सरहद्दीनं देश राखला जात नाही, राखणाऱ्यावर भरवसा लागतो. आणि २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधानसभेत विचारलं की हजारो जातींत फाटलेले लोक राष्ट्र कसे होणार. आपली मोजपट्टी ही. नकाशा नाही, घोषणा नाही. बंधुता आहे का? तळाचा माणूस आत आहे का? ह्या पट्टीनं पाकिस्तान नापास. इराण नापास. कार्ड तपासणारी बंदूक नापास. आपलाही कागद अजून कोरा नाही.

मग करायचं काय? बसून राहायचं? नाही.

पहिलं, गायब केलेल्यांच्या आयांच्या बाजूनं उघड बोलायचं. नावं घेऊन, वर्षं सांगून. आपल्या इथल्या कोठड्यांबद्दल ज्या तोंडानं बोलतो त्याच तोंडानं.

दुसरं, सुरबंदरच्या सात हजामांचं नाव त्याच सभेत, त्याच दमात घ्यायचं. ‘आत्ता नको, लढ्याचं नुकसान होईल’ असं कुणी म्हटलं तर त्याला विचारायचं, तुझ्या लढ्यात न्हावी कुठं बसतो?

तिसरं, पाकिस्तान फुटल्याच्या आनंदात नाचायला कुणी बोलावलं तर जायचं नाही. आपल्या हातातला निळा झेंडा दुसऱ्याच्या वरातीसाठी नाही.

तो पोरगा परवा पुन्हा भेटला. फोटो अजून काढलेला नाही. म्हणाला, ‘दादा, तुम्ही सगळ्यांच्याच विरुद्ध. मग बाजू कुणाची घ्यायची सांगा की.’ मी त्याला पुढच्या रविवारी अभ्यासवर्गात ह्याच विषयावर बोलायला सांगितलंय. उभं राहून, सगळ्यांसमोर. मेदांबद्दल वाचून ये म्हटलं, लोरींबद्दल वाचून ये. बाजू त्यानं स्वतः शोधावी. माझी मी सांगितली. दारात डबा घेऊन उभ्या असलेल्या बाईची, आणि पंजाबातल्या कुठल्यातरी घरात वस्तऱ्याची पेटी परत आली म्हणून रडणाऱ्या बाईची. दोघींची. एकीची घेऊन दुसरीची सोडली तर ती बाजू नव्हे, टोळी.

तुम्हाला पटत नसेल तर पुढच्या अंकात लिहा. भांडा. पण वाचून भांडा.

जय भीम!